खडकी ते स्केगनेस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापूस बाजारात लिव्हरपूलचा भाव यायचा तो समुद्राच्या तळातून. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन केबल टाकली. तिथून सुएझ, मग भूमध्य समुद्र आणि शेवटी इंग्लंडचा कॉर्नवॉल किनारा. कराचीहून इराणमार्गे जाणारी खुष्कीची एक लाईनही होती, पण ती अनेक राज्यांच्या मर्जीवर चाले. पेढीवाल्यांची खरी भिस्त जॉन पेंडर यांच्या ईस्टर्न कंपनीच्या केबलवर होती. शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे जाडजूड कोश बाळगले होते, एका शब्दात अख्खी ऑर्डर बसवायची.

केबलच्या या मक्तेदारीला पहिला खरा धक्का बसला तो १९२७ साली सुरू झालेल्या सेवेने, आणि त्या सेवेचं हिंदुस्थानातलं टोक पुणे जिल्ह्यात होतं. संदेश पाठवणारं केंद्र खडकीला, घेणारं दौंडला. इंग्लंडच्या बाजूला लिंकनशायरच्या किनाऱ्यावर ग्रिम्सबीजवळून संदेश निघे आणि स्केगनेसजवळ उतरून घेतला जाई. मधे सात हजारांहून अधिक किलोमीटर, आणि एकही तार नाही.

बिनतारी संदेश तेव्हा नवीन नव्हता. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी कॉर्नवॉलमधल्या पोल्ढूहून निघालेला संकेत न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं जाहीर केलं, त्याला पाव शतक झालं होतं. पण त्या पंचवीस वर्षांतली जवळजवळ वीस वर्षं हे शास्त्र एका दिशेने हट्टाने चालत राहिलं. दूर जायचं तर लहर लांब हवी आणि ताकद जास्त हवी, हा तो हट्ट. त्याला आधार नव्हता असं नाही. अमेरिकी नौदलासाठी लुई ऑस्टिन यांनी केलेल्या मोजमापांतून एक सूत्र निघालं होतं. तरंगलांबी वाढवली की अंतरागणिक होणारी घट कमी होते, असं ते सांगे. जमिनीलगत सरकणाऱ्या लांब लहरींसाठी ते ठीकच होतं. त्या सूत्रात आकाश धरलेलं नव्हतं, एवढीच त्याची उणीव.

मग केंद्रं वाढत गेली. ब्रिटिश पोस्ट खात्याने रग्बी इथे उभारलेलं केंद्र १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झालं. त्याचे बारा मनोरे होते, प्रत्येकी ८२० फूट उंच. लहर अठरा किलोमीटरहून लांब, आणि ताकद शेकडो किलोवॅट. एवढा पसारा मांडून ऊर्जा चारी दिशांना उधळायची, आणि ज्याला संदेश द्यायचा त्याच्या वाट्याला तिचा कणभर अंश यायचा. शिवाय इतक्या लांब लहरींच्या पट्ट्यात जागाच थोडी. जगात अशी केंद्रं मोजकीच मावणार, आणि त्यांचा वेगही मर्यादित राहणार. साम्राज्यातल्या देशांना अशा केंद्रांच्या साखळीने जोडायची योजना पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून लंडनमध्ये घोळत होती. १९१२ साली मार्कोनी कंपनीच्या शेअर्सवरून मंत्र्यांवर आरोप झाले, मोठा गदारोळ उठला. मग युद्ध आलं. युद्धानंतर समित्यांवर समित्या बसल्या. इतका कागद खर्च होऊन साखळी काही जुळेना.

या सगळ्या गोंधळापासून दूर एक माणूस उलट्या दिशेने काम करत होता. चार्ल्स सॅम्युएल फ्रँकलिन हे त्याचं नाव. मार्कोनीचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, फ्रँकलिनचं नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही सहसा सांगितलं जात नाही. माझ्या मते लहर चारी दिशांना न उधळता एकाच दिशेला सोडण्याच्या, म्हणजे झोतपद्धतीचं अर्ध्याहून अधिक श्रेय या माणसाचं आहे. मार्कोनीपाशी ऐकण्याची तयारी होती आणि पैसा उभा करण्याची हातोटी होती. तेही कमी नाही.

१९१६ साली मार्कोनी आणि फ्रँकलिन यांनी इटलीत दोन-तीन मीटरच्या लहरींवर प्रयोग केले. युद्धकाळात शत्रूला ऐकू जाणार नाही असा संदेश हवा होता, म्हणून लहर एकाच दिशेला वळवायची होती. लहर वळवायची तर तिच्यामागे तारांचा परावर्तक उभा करावा लागतो, कंदिलामागे आरसा ठेवावा तसा. पण तो परावर्तक लहरीच्या लांबीच्या काही पट रुंद असावा लागतो. किलोमीटरभर लांबीच्या लहरीला परावर्तक बांधायचा तर अख्खा तालुका लागेल. म्हणून दिशा हवी असेल तर लहर आखूडच हवी. हा हिशेब साधा होता, पण आखूड लहर लांब जात नाही अशी सर्वांची खात्री असल्यामुळे कोणी तो पुढे नेला नव्हता.

१९२१मध्ये फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या हेंडनहून बर्मिंगहॅमला १५ मीटरच्या लहरीवर बोलणं पोचवून दाखवलं. दोन्ही टोकांना परावर्तक लावले तेव्हा पोचणारी ऊर्जा सुमारे २००पट वाढली. यंत्राची ताकद मात्र तेवढीच राहिली.

त्याच सुमारास अटलांटिकच्या दोन्ही काठांवरची हौशी पोरं वेगळ्याच वाटेने तिथेच येऊन पोचली. अमेरिकेच्या १९१२च्या कायद्याने हौशी बिनतारीवाल्यांना २०० मीटरच्या खाली ढकललं होतं. उपयोगाच्या लहरी सरकार आणि कंपन्यांना, आणि निरुपयोगी लहरी हौशांना, अशी ती वाटणी. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या लेऑन देलॉय यांनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरीवर अमेरिकेतल्या हौशांशी थेट दोन्ही बाजूंनी संभाषण केलं. पुढच्या वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर नावाचा विद्यार्थी न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी बोलला. पृथ्वीच्या पाठीवर याहून लांबचा माणूस सापडणं कठीण. रग्बीच्या मनोऱ्यांची उभारणी चालू असताना एक शाळकरी पोरगा शाळेच्या खोलीतून ते करत होता. या गॉयडरचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे आपल्याकडे येणार आहे.

मार्कोनीची स्वतःची परीक्षा १९२३च्या उन्हाळ्यात झाली. त्याची ‘एलेट्रा’ नावाची नौका म्हणजे तरंगती प्रयोगशाळाच. फ्रँकलिन पोल्ढूला बसून ९७ मीटरच्या लहरीवर संदेश सोडत होते आणि मार्कोनी दक्षिणेकडे जात ऐकत होता. चार हजारांहून अधिक किलोमीटरवर, केप व्हर्ड बेटांपाशी, रात्रीचा संकेत इतका स्वच्छ होता की ताकद बारा किलोवॅटवरून एकावर आणली तरी तो मोठमोठ्या केंद्रांना मागे टाकत होता. दिवसा मात्र संकेत पार विरून जाई.

इतक्या भांडवलावर कंपनीने ब्रिटिश सरकारशी करार केला. जुलै १९२४मध्ये मार्कोनी कंपनीने कॅनडा, दक्षिण आफ्रिका, हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांसाठी झोतकेंद्रं बांधून द्यायचं कबूल केलं. अटी कडक होत्या. मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने, एकाच वेळी दोन्ही बाजूंनी, दिवसाला सरासरी ठरावीक तास काम झालंच पाहिजे. कॅनडासाठी १८ तास, हिंदुस्थानसाठी १२, दक्षिण आफ्रिकेसाठी ११, ऑस्ट्रेलियासाठी ७. चाचणीत नापास झालात तर नुकसान कंपनीच्या माथी. पोस्ट खात्यातले काही अभियंते गालातल्या गालात हसले असतील, कारण तोवर कोणाकडेही या अंतरावर दिवसा चालणारी आखूड लहर नव्हती. याला धाडस म्हणायचं की जुगार, ते ज्याने त्याने ठरवावं.

उत्तर दोनच महिन्यांत मिळालं. सप्टेंबर १९२४मध्ये ‘एलेट्रा’ बैरूतच्या बंदरात असताना पोल्ढूहून ३२ मीटरवर सोडलेला संदेश भर दुपारी, उन्हात, खणखणीत ऐकू आला. ९२ मीटरची लहर जिथे मरत होती तिथे ३२ मीटरची तगून होती. लगेच ऑक्टोबरात न्यूयॉर्क, ब्यूनॉस आयर्स, सिडनी इथे चाचण्या झाल्या. सर्व ठिकाणी तोच अनुभव. दिवसाला आखूड लहर आणि रात्रीला थोडी लांब, हा नियम हाती लागला.

असं का होतं याचा उलगडा त्याच वर्षाअखेर एडवर्ड ॲपल्टन आणि माइल्स बार्नेट यांनी केला. वातावरणाच्या वरच्या थरांत सूर्याच्या किरणांनी हवा भारित होते, आणि तो थर लहरींना परत खाली वळवतो. केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२मध्येच तसा तर्क केला होता, ॲपल्टन यांनी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लहरी वापरून तो मोजून दाखवला. दिवसा खालचे थर दाट होतात आणि मधल्या लांबीच्या लहरींना शोषून घेतात. अगदी आखूड लहर त्यांतून निसटून वरच्या थरावर आपटते आणि दूरवर उतरते. रात्री वरचा थर विरळ झाला की तीच लहर त्यातून आरपार अवकाशात निघून जाते, म्हणून मग लांब लहर घ्यावी लागते. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी पुढे याच थरांवर आयुष्य घालवलं. पण कंपनीचं काम या स्पष्टीकरणासाठी थांबून राहिलं नव्हतं. मनोरे उभे राहतच होते.

या मनोऱ्यांवर टांगलेली एरियल म्हणजे फ्रँकलिन यांची खरी करामत. उंच मनोऱ्यांच्या रांगेतून उभ्या तारांचा पडदा सोडायचा आणि त्याच्यामागे योग्य अंतरावर दुसरा पडदा परावर्तकाचा. प्रत्येक तारेतून निघालेली लहर समोरच्या दिशेला एकमेकींत मिळून वाढते, बाजूंना आणि मागे एकमेकींना खोडून काढते. लांब उभ्या तारेत एक अडचण असते. लहरीच्या प्रत्येक अर्ध्या लांबीनंतर विजेची दिशा उलटते, म्हणजे तारेचा एक तुकडा दुसऱ्याचं काम पाण्यात घालतो. फ्रँकलिन यांनी उलटे पडणारे तुकडे वळवून, गुंडाळून निकामी केले, त्यामुळे उरलेले सगळे एका सुरात बोलू लागले. पडद्यातल्या प्रत्येक तारेला वीज एकाच क्षणी मिळावी म्हणून तांब्याच्या नळीत नळी बसवून वाहक केले आणि त्यांना अशा फांद्या फोडल्या की यंत्रापासून प्रत्येक तारेपर्यंतचं अंतर सारखं भरे. आजच्या समाक्ष केबलचं हे थेट पूर्वरूप.

गल्लीतल्या ५जी टॉवरवर जो चपटा पेटीसारखा अँटेना दिसतो, त्यातही अनेक छोटे अँटेने रांगेत बसवून लहरींची बेरीज-वजाबाकी करतात. फरक इतकाच की तिथे झोत क्षणाक्षणाला इलेक्ट्रॉनिक्सने वळवता येतो, तर खडकीचा पडदा एकदा इंग्लंडकडे तोंड करून उभा केला की कायमचा. पृथ्वीगोलावर पुणे आणि लिंकनशायर यांमध्ये दोरा ताणून धरला तर तो इराणवरून, कॉकेशसवरून जातो. म्हणून पडद्याचं तोंड वायव्येला.

बांधकामाची देखरेख कंपनीचे मुख्य अभियंते आर. एन. व्हिव्हियन यांच्याकडे होती. मार्कोनीबरोबर कॅनडात पहिली अजस्र केंद्रं बांधणाऱ्यांतले ते, आता लघुलहरींचे मनोरे उभारत होते. कॅनडाची सेवा २५ ऑक्टोबर १९२६ रोजी सुरू झाली, ऑस्ट्रेलियाची ८ एप्रिल १९२७ला, दक्षिण आफ्रिकेची ५ जुलैला आणि सर्वांत शेवटी, ६ सप्टेंबर १९२७ रोजी, हिंदुस्थानची. हिंदुस्थानसाठी दिवसा सुमारे १६ मीटरची आणि रात्री सुमारे ३४ मीटरची लहर वापरली जाई. मुंबईत दिवेलागण होते तेव्हा इंग्लंडमध्ये दुपार असते. निम्म्या वाटेवर रात्र आणि निम्म्या वाटेवर दिवस अशा वेळी कुठली लहर घ्यायची, ही अभियंत्यांची रोजची डोकेदुखी होती.

खडकी आणि दौंड अशी दोन ठिकाणं का? संदेश सोडणाऱ्या यंत्राच्या गोंगाटात हजारो किलोमीटरवरून आलेली क्षीण लहर बुडून जाऊ नये म्हणून. पुण्याहून दौंड रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर, तेवढं अंतर पुरे होतं. तार घेणारे-देणारे कारकून मात्र या दोन्ही गावांत नव्हते. ग्राहकाची तार मुंबईच्या कार्यालयात यायची. तिथे कागदी पट्टीवर भोकं पाडून ती यंत्रातून सोडली की जमिनीवरच्या तारांमार्फत खडकीचा प्रक्षेपक आपोआप टकटकू लागे. उलट दिशेने आलेला संदेश दौंडहून तारेनेच मुंबईत पोचे. केंद्रावरच्या माणसांचं काम लहरी सांभाळण्याचं, यंत्रं थंड ठेवण्याचं आणि वेळेवर लहर बदलण्याचं. हिंदुस्थानातला हा कारभार इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीकडे होता.

कराराच्या तासांपेक्षा झोत पुष्कळ जास्त वेळ चालला, वेगही ठरल्याहून चढा मिळाला, आणि दर केबलपेक्षा स्वस्त. परिणाम व्हायचा तो झाला. काही महिन्यांतच केबल कंपन्यांचा निम्म्याहून अधिक धंदा झोताने ओढून घेतला. ईस्टर्न कंपनीची जगभर पसरलेली केबल, जहाजं, बेटाबेटांवरची ठाणी हे सगळं एका रात्रीत जुनाट दिसू लागलं. कंपनी गुंडाळून राखीव पैसा भागधारकांना वाटून टाकावा, अशी भाषाही सुरू झाली. आता लंडन घाबरलं. केबल बुडाली तर युद्धात काय करायचं? झोत कोणीही ऐकू शकतो, केबल ऐकायची तर समुद्रतळातून उचलावी लागते. जानेवारी १९२८मध्ये साम्राज्याची खास परिषद बसली आणि तिने केबल आणि बिनतारी यांचं एकत्रीकरण सुचवलं. १९२९मध्ये संयुक्त कंपनी निघाली, तिचंच पुढे १९३४ साली ‘केबल अँड वायरलेस’ असं नामकरण झालं. पोस्ट खात्याची झोतकेंद्रं तिला वर्षाला अडीच लाख पौंड भाड्याने, २५ वर्षांसाठी दिली गेली.

हा निकाल मला अजूनही खटकतो. जिंकलेल्या तंत्राने हरलेल्या तंत्राला पोसायचं ठरलं आणि स्वस्त तारेचा ग्राहकाला जो लाभ व्हायचा तो अर्ध्यावर अडला. पण एक गोष्ट केबलवाल्यांच्या बाजूने मान्य केली पाहिजे. सूर्यावर वादळ झालं की वरचे थर बिघडतात आणि लघुलहरी तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस मुक्या होतात. अशा दिवशी जुनी केबलच कामाला यायची.

हिंदुस्थानातही तेच झालं. १९३२मध्ये झोत आणि केबल एका छत्राखाली आणून इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी निघाली. १९३३ साली लंडनशी रेडिओ टेलिफोन सुरू झाला आणि मुंबईतला माणूस विलायतेतल्या माणसाचा आवाज ऐकू लागला, खिसा जड असेल तर. १ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, ही सेवा सरकारने ताब्यात घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस असं तिचं नाव झालं. १९८६मध्ये तिचीच व्हीएसएनएल झाली. पुण्याच्या दिघीला या संस्थेची शेकडो एकर जमीन का होती, असा प्रश्न अनेकांना पडतो. तारांचे पडदे ऐसपैस मोकळी जागा मागतात, हे त्याचं उत्तर.

आणि तो शाळकरी गॉयडर? तो १९३६ साली ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून दिल्लीत आला. हिंदुस्थानसारख्या विस्तीर्ण देशाला मध्यम लहरींनी झाकायला शेकडो केंद्रं लागतील आणि तेवढा पैसा नाही, हे ओळखून त्याने लघुलहरींवर भर दिला. १९३८ सालच्या अखेरपर्यंत मुंबईसह चार महानगरांत लघुलहरींची केंद्रं सुरू झाली. शाळेच्या खोलीत शिकलेला धडा त्याने एका उपखंडाला लावला.

त्या धड्याचा फायदा सरकारविरोधकांनीही उचलला. ऑगस्ट १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटरवर. थोड्या ताकदीचं यंत्र दूरवर ऐकू जातं, हा लघुलहरींचा गुण नसता तर पोलिसांना नोव्हेंबरपर्यंत त्यांचा शोध घेत फिरावं लागलं नसतं. लघुलहरींचं रुजणं ज्या साम्राज्याने सोयीचं मानलं, त्याचीच त्यांनी गैरसोय केली.

खडकीचं युग हळूहळू मागे पडलं. १९७१मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वी इथे उपग्रहाचं भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशी फोनसाठी वातावरणाच्या लहरी स्वभावावर अवलंबून राहण्याची गरज संपली. १९७९मध्ये देशातली पहिली प्रकाशतंतूची लाईन पुण्यातच, दोन टेलिफोन एक्स्चेंजच्या दरम्यान टाकली गेली. आज परदेशी जाणारा जवळजवळ सगळा डेटा काचेच्या तंतूंतून पुन्हा समुद्राच्या तळातूनच जातो, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर त्या केबल उतरतात.

खडकी, दौंड, दिघी किंवा आर्वीच्या केंद्रांवर नोकरी केलेल्यांची पुढची पिढी पुणे जिल्ह्यात आजही आहे. घरात आजोबांच्या नोंदवह्या, ड्युटीची वेळापत्रकं, मनोऱ्यांचे फोटो असतील तर ते रद्दीत देऊ नका. जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा इतिहास संशोधन संस्थेकडे पोचवा. आणि आजोबा हयात असतील तर त्यांच्या आठवणी आताच लिहून घ्या.